वाट बघत राहिली ती डायना नव्हे

ताई, नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते. वय २६. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, मग बी.एड. सध्या घरीच शिकवण्या घेते. शेवटच्या वर्षाला आम्हाला जॉर्ज एलियटची ‘अ‍ॅडम बीड’ कादंबरी होती. परीक्षा झाल्यावर पोरींनी पुस्तकं रद्दीत घातली. माझं अजून उशाशी आहे, कारण आमच्या शेजारच्या वाडीत एक अ‍ॅडम आहे. सुतार. त्याचे वडील होड्या बांधायचे. आता होड्या फायबरच्या झाल्या, म्हणून हा होमस्टेवाल्यांची दारं, पलंग, झोपाळे करतो. फणसाच्या फळीवर त्याचा रंधा चालायला लागला की बघत राहावंसं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले, तेव्हा दिवसकार्य होईपर्यंत मी रोज त्याच्या आईजवळ जाऊन बसत होते. खोटं कशाला बोलू, जाताना त्या कादंबरीतली डायना मनात होती. आजही त्याची कोटेशनं, बिलं, जीएसटी सगळं मीच बघते. त्याची आई म्हणते, ‘तू नसतंस तर आमचा काय झाला असता गो?’ तोही चारचौघांत म्हणतो, ‘हिच्याशिवाय माझं पान हलत नाही.’ होडी लागली की चांगला बांगडा आधी आमच्याकडे पोचतो. त्याला ‘दादा’ म्हणायचं मी केव्हाच सोडलंय. त्याच्या ते लक्षात आलेलं नाही.

कारण त्याचा जीव आहे कणकवलीतल्या एका पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलीवर. दिसायला सुंदर आहे, नाही कशाला म्हणू. पण नखं, रील आणि सेल्फी याच्यापलीकडे काही नाही. मागच्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला कानातले घ्यायचे होते, ते निवडायला त्याने मलाच नेलं. ताई, ती त्या कादंबरीतली हेटी आहे. एक ना एक दिवस त्याचे डोळे उघडतील. अ‍ॅडम शेवटी डायनाकडे आलाच ना? मला रत्नागिरीला एका शाळेत नोकरी मिळते आहे, जूनपासून. पण मी लांब गेले आणि नेमके तेव्हाच त्याचे डोळे उघडले तर? थांबू का?

– एक डायना

*

प्रिय मुली,

‘डायना’ हे नाव या उत्तरापुरतं मी बाजूला ठेवते. का, ते पुढे येईलच.

ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात गोष्ट. ‘अ‍ॅडम बीड’ १८५९ साली प्रसिद्ध झाली. जॉर्ज एलियट हे टोपणनाव. बाईंचं खरं नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स, आणि त्यांचे वडील सुतारकीतून वर आलेले, त्यामुळे लाकडाचा भुसा आणि रंध्याचा आवाज त्यांच्या घरातलाच. कथा १७९९ साली सुरू होते, इंग्लंडातल्या हेस्लोप नावाच्या काल्पनिक खेड्यात. अ‍ॅडम तिथला सचोटीचा, कामाला वाघ असा सुतार. त्याचं मन हेटी सॉरेलवर. ती मामा पॉयझरच्या हॉल फार्मवर राहणारी, सतरा वर्षांची, देखणी, लोणी काढण्यात तरबेज. तिचं मन मात्र जमीनदाराच्या नातवावर, आर्थर डॉनिथॉर्नवर. दुसरीकडे डायना मॉरिस. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची, कापसाच्या गिरणीत काम करून पोट भरणारी आणि गावच्या मैदानात उभी राहून प्रवचन करणारी. आर्थर हेटीला नादी लावतो आणि आपल्या पलटणीकडे निघून जातो. अ‍ॅडमशी हेटीचं लग्न ठरतं, आणि लग्नाच्या तोंडावर ती, पोटुशी, घर सोडते. वाटेतच बाळ होतं, ते ती रानात टाकते, ते मरतं. खटला, फाशीची शिक्षा, ऐनवेळी सूट आणि हद्दपारी. दीड-पावणेदोन वर्षांनी अ‍ॅडम डायनाशी लग्न करतो.

हे वाचून आपल्या वाडीतल्या सुतारात अ‍ॅडम दिसणं मला समजतं. वडील वारल्यावर आईला सावरायला डायना येते, तो प्रसंगसुद्धा कादंबरीत तसाच आहे. तू तो जवळजवळ पाठ करून त्याच्या घरी गेलीस. पण त्या प्रसंगातला पुढचा तपशील तुझ्या पत्रात नाही. सकाळी अ‍ॅडमला स्वयंपाकघराच्या बाजूला कोणाची तरी हलकी, चपळ पावलं ऐकू येतात आणि त्याच्या मनात येतं, हेटी तर नसेल? तो बघायला जातो, तर डायना. बाप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घर झाडून काढणाऱ्या बाईच्या पावलांत त्याला दुसरीचीच पावलं ऐकू आली होती. तू त्या पडवीत बसलीस त्या दिवसांत तो कोणाच्या फोनची वाट बघत होता, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

दोघींमधला फरक लेखिकेने एकाच प्रकरणात दाखवून टाकलाय. रात्र. शेजारी-शेजारी दोन खोल्या. एका खोलीत हेटी दार लावून घेते, लपवून ठेवलेली मेणबत्तीची तुकडी पेटवते, कानात रंगीत काचेचे डूल घालते, खांद्यावर जुनी काळी लेस ओढते आणि डाग पडलेल्या आरशासमोर मोठ्या घरची बाई होऊन मिरवते. भिंतीपलीकडे डायना खिडकीशी बसून बाहेरची शेतं बघते, गावातल्या माणसांचा विचार करते, डोळे मिटते. कुठल्याही प्राध्यापकाला परीक्षेत प्रश्न घालावासा वाटेल अशी जोडी. ‘हेटी व डायना यांची तुलना करा’, दहा गुण. तू पैकीच्या पैकी मिळवले असणार. अडचण अशी की परीक्षा संपली तरी तू तेच उत्तर लिहीत बसली आहेस.

याच प्रकरणात लेखिका अ‍ॅडमची भरपूर थट्टा करते. सुंदर मुलगी समोर आली की पुरुषाला वाटतं आपण चेहरा वाचण्यात पंडित. तिच्या गालाच्या, ओठाच्या, हनुवटीच्या वळणात त्याला तिचा अख्खा स्वभाव दिसतो. इतक्या नाजूक पापण्या, म्हणजे ही मुलांवर जीव टाकणार! प्रत्यक्षात हेटीला मुलांचा वैताग असतो, मामाची धाकटी टॉटी तिला नकोशी होते. आणि मग बाई शांतपणे म्हणून जातात की पापण्यांचा आणि नीतीचा थेट काही संबंध नसावा, अशी शंका येऊ लागते.

हे वाक्य आपण वाचतो, हसतो आणि म्हणतो, बघा पुरुष कसे असतात. पण ते उलटीकडूनही लागू होतं. पापण्या लांब म्हणून मुलगी गुणी, हे जितकं पोकळ, तितकंच नखं रंगवलेली म्हणून मुलगी उथळ, हेही. अ‍ॅडमने हेटीचा चेहरा वाचला, तू त्या मुलीचं इन्स्टाग्राम वाचलंस. तुझ्या पत्रात तिच्याबद्दल काय आहे, ते परत बघ. नखं, रील, सेल्फी, सुंदर, पार्लर. ती कुठल्या गावची, घरी कोण आहे, पगार कोणाच्या हातात देते, हा मुलगा तिला आवडतो का, यातलं एक अक्षर नाही. पार्लरमधल्या मुली दिवसभर उभ्या असतात. एकीच्या भुवया झाल्या की दुसरीचं फेशियल, लग्नसराईत तर जेवायलाही वेळ मिळत नाही. हातांची नखं रंगवणं हा तिच्या धंद्याचा भाग आहे, जसा तुझ्या त्या सुताराच्या कानावर पेन्सिल असणं हा त्याच्या धंद्याचा. तुला ती आवडलीच पाहिजे असं मी म्हणत नाही. पण जिच्याशी तू बहुधा धड बोललीही नाहीस, तिच्या नावावर तू केवढी कादंबरी चढवली आहेस!

आणि हेटीचं नाव देताना काय देतेस, याचाही जरा विचार कर. अ‍ॅडमचे डोळे कशाने उघडले? एका तान्ह्या बाळाच्या मरणाने. न्यायालयात, कठड्यात उभ्या असलेल्या मुलीकडे बघून. हेटी आर्थरला शोधत विंडसरपर्यंत जाते आणि तिथे कळतं की पलटण आयर्लंडला गेली. पैसे संपलेले, दिवस भरत आलेले, घरी तोंड दाखवायची सोय नाही. ती मागे फिरते, ती कोणाकडे जायला? डायनाकडे. कारण मघाच्या त्याच रात्री डायना तिच्या खोलीत जाऊन म्हणाली होती, कधी संकटात सापडलीस तर स्नोफील्डला माझ्याकडे ये. तेव्हा हेटी घाबरली, चिडली, रडली. पण वाक्य लक्षात राहिलं होतं.

लेखिका आधी हेटीला भरपूर टोचते. तिची मामी मिसेस पॉयझर तर तिला मोर म्हणतात, गावात माणसं मरत असली तरी ऊन पडलं की भिंतीवर पिसारा फुलवणारा. पण त्या भटकंतीची प्रकरणं आली की लेखिका त्या मुलीचा हात सोडत नाही. मला विचारशील तर कादंबरीतलं सगळ्यात सच्चं लिखाण तेच. डायनाची प्रवचनं मी आता वाचताना पानं उलटते. हेटीचा तो रस्ता मात्र सोडवत नाही. आणि हेही विसरू नकोस की दोघीही पोरक्या. हेटी पॉयझरची भाची, डायना त्याच्या बायकोची. दोघीही कुणाच्या ना कुणाच्या आश्रयाने वाढलेल्या. एकीने आरशात वाट शोधली, दुसरीने देवात. लेखिकेला दोघींची भूक दिसते. वर्गात आपल्याला फक्त एकीची शिकवतात.

खरी डायना तुरुंगाच्या कोठडीत रात्रभर हेटीला कुशीत धरून बसते आणि तिच्याकडून खरं वदवून घेते. ‘त्याचे डोळे उघडोत’ म्हणून तिने काठावर बसून वाट पाहिलेली नाही. तू ज्या मुलीला हेटी म्हणतेस ती उद्या खरोखर अडचणीत आली, तर तिला तुझ्याकडे यावंसं वाटेल का?

हं, जरा जास्त लागलं असेल. पण पुढचं अजून बोलायचं आहे.

कादंबरीत एक बागेतला प्रसंग आहे. हेटी रेड करंट तोडते आहे, म्हणजे झुडपांवर झुपक्याने लागणारी लाल, आंबट, मण्याएवढी फळं. अ‍ॅडम मागून येतो. ती इतकी दचकते की फळांचं भांडं हातातून पडतं. वळून बघते तो अ‍ॅडम, आणि तिचा पांढरा पडलेला चेहरा लालबुंद होतो. अ‍ॅडमच्या काळजात आनंद मावत नाही. ही लाली माझ्यासाठी! मग दोघं मिळून फळं तोडतात, ती गप्प असते, आणि ते गप्प राहणंही तो प्रेमाच्या खात्यात जमा करतो. ती त्या क्षणी आर्थरच्या विचारात बुडालेली असते.

आता तुझं पत्र. बांगडा आधी आमच्याकडे येतो. चारचौघांत म्हणतो, हिच्याशिवाय माझं पान हलत नाही. बाई गं, ज्याचा जीएसटी फुकट भरला जातो त्याचं पान तुझ्याशिवाय हलणार कसं? आपल्याकडे उपकाराची फेड माशाने होते, फणसाने होते, पहिल्या पेटीतल्या हापूसने होते. ती माणुसकी आहे आणि चांगली आहे. पण ती लाली तुझ्यासाठी आहे, हे तू ठरवलंस. आणि एका गोष्टीचा अर्थ तर तुला लावावाच लागला नाही, इतकी ती स्पष्ट होती. त्याने दुसरीचे कानातले निवडायला तुला नेलं. माणूस जिच्याकडे त्या नजरेने बघतो तिला तो या कामाला नेत नाही. ते डूल तू तुझ्या पसंतीने निवडलेस की मुद्दाम जरा कमी चांगले निवडलेस, हे मी विचारणार नाही.

आता डायनाकडे येते. तू तिला थांबलेली बाई समजतेस. पुस्तक उशाशी आहे म्हणालीस ना, उघड. ती कधी, कुठे थांबली आहे? सुरुवातीलाच अ‍ॅडमचा भाऊ सेथ तिला मागणी घालतो. चांगला, प्रेमळ मुलगा. ती स्पष्ट नाही म्हणते, कारण तिला तिचं काम आहे. ती हेस्लोपला येते ती मावशीकडे, म्हणजे मिसेस पॉयझरकडे, आणि काम झालं की स्नोफील्डला परत जाते. तिचा पगार तिचा, तिची खोली तिची, तिचे गरीब-दुबळे तिचे. अ‍ॅडमवर तिचं मन बसतं ते फार उशिरा. आणि हे आपल्याला जड जातंय हे लक्षात आल्यावर ती काय करते? हॉल फार्म सोडून स्नोफील्डला जायला निघते. मिसेस पॉयझर कितीही रागावल्या तरी. अ‍ॅडमला तर पत्ताच नसतो. त्याची आई लिस्बेथ त्याला सांगते की त्या पोरीचा तुझ्यावर जीव आहे, तू आलास की ती थरथरते. मग तो विचारतो. तरीही ती लगेच हो म्हणत नाही. मला देवाचा कौल कळू दे म्हणते आणि निघून जाते. आठवडे जातात. शेवटी अ‍ॅडम उठून तिच्या गावी जातो आणि ती प्रवचन करून परत येईपर्यंत टेकडीवर उभा राहतो. वाट बघितली ती अ‍ॅडमने.

रत्नागिरीची नोकरी हे तुझं स्नोफील्ड आहे, हे मी सांगायला हवं का?

वाट बघणारी एक मुलगी मात्र त्या कादंबरीत आहे. तुला आठवते का बघ. मेरी बर्ज. अ‍ॅडम ज्याच्या कारखान्यात काम करतो त्या जोनाथन बर्जची मुलगी. गावात सगळे धरून चालतात की अ‍ॅडम तिच्याशी लग्न करणार आणि धंद्यात भागीदार होणार. तिला तो आवडतो. ती शहाणी, शांत, घरंदाज. तिच्यात खोट काढायला जागाच नाही, म्हणून हेटी तिच्या रंगावर बोलते: पिवळी पडलेली, गुलाबी रिबीन लावली की अजून पिवळी दिसणारी. बर्ज भागीदारी आणि मुलगी एकत्रच पुढे करून बसलेला असतो. अ‍ॅडमचं लक्षच नाही. अखेर म्हातारा जावयाची आशा सोडतो आणि भागीदारी तशीच देऊ करतो. पुढे लाकडाची वखार अ‍ॅडमची होते. मेरी बर्जचं काय झालं, तिला काय वाटलं, हे विचारायला कादंबरी थांबत नाही. डायनाच्या, हेटीच्या खोलीत लेखिका आपल्याला घेऊन जाते. मेरीच्या खोलीचं दार आपल्यासाठी उघडतच नाही.

तुझी कोटेशनं, तुझी बिलं, त्याच्या धंद्याला लागलेला तुझा हात… मला सारखी ती आठवत होती. म्हणून सुरुवातीला तुझी सही बाजूला ठेवली.

राहता राहिलं ‘शेवटी आलाच ना’. या शेवटावर फार भिस्त ठेवू नकोस. मूळ प्रसंग लेखिकेला तिच्या मेथडिस्ट काकूने सांगितला होता. काकू स्वतः प्रवचनं करायच्या, आणि बालहत्येच्या आरोपातल्या एका मुलीबरोबर तिच्या शेवटच्या रात्री कोठडीत राहिल्या होत्या. नॉटिंगहॅममधली ही घटना, १८०२ सालची. त्या मुलीला फाशी झाली. घोडा फेकत सुटकेचा कागद घेऊन कोणी आलं नाही. आणि काकूच्या त्या हकिकतीत अ‍ॅडम नव्हताच. अ‍ॅडम-डायनाचं नातं जोडावं ही सूचना होती जॉर्ज हेन्री लुइस यांची, लेखिकेच्या जोडीदाराची. पहिला भाग ऐकून त्यांना डायना इतकी आवडली की तिला पुढे जास्त जागा मिळावी असं त्यांना वाटलं. लेखिकेने ते नोंदवून ठेवलंय. पुढे १८६६ मध्ये लेखक हेन्री जेम्सने लिहिलं की हेटीच्या शिक्षेपाशी कादंबरी संपवून अ‍ॅडमला त्याच्या दुःखात आणि डायनाला तिच्या एकटेपणात सोडलं असतं तरी चाललं असतं. मला जेम्सचं पूर्ण पटत नाही. टेकडीवरचा तो प्रसंग मला आवडतो. पण ज्या शेवटाबद्दल घरात चर्चा होऊन निर्णय झाला, त्याच्या भरवशावर रत्नागिरीची नोकरी सोडायची?

आणि उपसंहार वाचलास ना? १८०७ साल. डायना बायको आहे, आई आहे, सुखात आहे. प्रवचन बंद. मेथडिस्टांच्या परिषदेने बायकांच्या प्रवचनांना मनाई केली म्हणून तिने ते सोडलं, लोकांच्या घरी जाऊन थोडंफार बोलते तेवढंच. सेथला ते खटकतं, अ‍ॅडमला पटतं. लग्न जमलं म्हणजे सगळं जमलं, असं वाचणाऱ्यांनी ती दोन पानं पुन्हा बघावीत.

आता काय करायचं ते सांगते. नोकरी घे. हे उत्तर त्या मुलाच्या हो-नाहीवर अवलंबून नाही. बी.एड. करून तू शिकवण्यांवर दिवस काढते आहेस, आणि पूर्णवेळ शाळा मिळणं आजकाल किती मुश्कील झालंय ते तुला माहीत आहे. रत्नागिरी काही परदेश नाही, शनिवारी एसटीने घरी येता येतं.

जाण्याआधी त्याला सांग. एकदाच, तोंडाने, सरळ. ‘मला तू आवडतोस, गेली दोन वर्षं. तुझं मन दुसरीकडे आहे हे मला माहीत आहे. तुला कळावं म्हणून सांगते, मला उत्तर दे.’ एवढंच. त्या मुलीबद्दल एक शब्दही काढायचा नाही, कारण तू काढलास की तो तिची बाजू घेणार आणि मूळ बोलणं राहून जाणार. व्हॉट्सअ‍ॅपवर नको. जेटीवर नको, तिथे कान फार. रात्री कारखान्यात एकटीने जाऊनही नको. तुझा हेतू कितीही स्वच्छ असला तरी सकाळपर्यंत वाडीभर होईल. दुपारी त्याच्या पडवीत, आई आत असताना. आईला यात घालू नकोस. लिस्बेथने मध्यस्थी केली खरी, पण तिला स्वतःच्या म्हातारपणासाठी डायना सून म्हणून हवी होती, आणि त्या माउलीच्या ‘तू नसतंस तर’मध्येही थोडं तेच असू शकतं. तिचा राग करू नकोस, पण तिच्या शब्दाला त्याचा शब्द समजू नकोस.

तो नाही म्हणाला तर वाईट वाटेल. मिरगाचा पाऊस, नवी शाळा, भाड्याची खोली, एकटीने चूल, सगळं एकदम येईल. रडून घे. हो म्हणाला तरी नोकरीला जा, आणि आधी त्याला त्या मुलीशी स्वच्छ बोलू दे. ‘विचार करून सांगतो’ म्हणाला, तर गणपतीपर्यंत मुदत दे. तेव्हा सुट्टीत घरी येशीलच. त्यापुढे नाही. घरच्यांचं, पत्रिकेचं, जातीपातीचं तू काही लिहिलं नाहीस. ते प्रश्न असतीलच, पण त्याचा होकार नसताना त्यावर डोकं कशाला शिणवायचं.

आणि त्याच्या आईला तू जाणार आहेस हे दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस. स्वतः जाऊन सांग, सोलं सुकायला घातलेली असतील तर दोन तास बसून त्यांना हात लाव. ते नातं तू नाटक म्हणून सुरू केलं असशील, पण दोन वर्षांत ते खरं झालंय असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

राहिली कोटेशनं. नमुना तयार करून त्याच्या फोनमध्ये घालून दे, लॉगिन-पासवर्ड कागदावर लिहून दे, आणि कणकवलीत कुणी हिशेबनीस असेल तर त्याच्याशी गाठ घालून दे. पैसे पडतील, पडू देत. दर महिन्याचं विवरणपत्र भरायचं असेल तर २० तारीख असते, ही गोष्ट त्याला आत्ताच दोनदा सांगून ठेव. नाहीतर १९ ला रात्री तुला रत्नागिरीला फोन येईल, आणि तू परत चिन्हं शोधायला बसशील.

– तुझी, ताई